भागीदारीचा पहिला करार: चार संस्था, तीन वर्षं आणि बरीच कागदपत्रं

मागच्या महिन्यात आमच्या भागीदारीचा पहिला तीन वर्षांचा करार संपला आणि नव्या करारावर सह्या झाल्या. एक नाट्यगट, लोकगीतांचं ध्वनिमुद्रण आणि जतन करणारी एक संस्था, बायकांच्या आरोग्यावर काम करणारी एक संस्था आणि कारागिरांची एक सहकारी संस्था, अशा आम्ही चार जणी. काम वेगळं, आकार वेगळा, हातातला पैसा तर फारच वेगळा. मी ध्वनिमुद्रणवाल्या संस्थेत आहे आणि भागीदारीचे कागद पहिल्यापासून माझ्याकडे होते. विकासाच्या कामात संस्कृतीला जागा मिळावी म्हणून एकत्र यायचं पुष्कळ संस्था ठरवतात. पण ठरवल्यावर कुणाकडे जायचं, काय आधी करायचं, कुठे किती वेळ जातो, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं आम्हाला तेव्हा फार हवं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात एका जानेवारीत झाली. आरोग्य संस्थेला रक्तक्षयावर नाटक हवं होतं. त्यांच्याकडे मजकूर तयार होता, तारखा ठरलेल्या होत्या, बसवून द्यायचं काम नाट्यगटाचं. नाट्यगटाच्या दिग्दर्शिका शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, निरोप तुमचा आणि तोंड आमचं, एवढंच असेल तर आम्ही नाही येणार. बायका गोळ्या का घेत नाहीत, हे आधी त्यांच्याकडून ऐकू या." बैठक तिथेच थांबली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या बैठकीत आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनीच २०१४ सालची गोष्ट काढली. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरत होती तेव्हा मृतदेहाला हात लावून केले जाणारे अंत्यविधी हे संसर्गाचं मोठं कारण होतं. पण पांढऱ्या पोशाखातली माणसं येऊन प्रेत उचलून नेतात हे लोकांना सहन होईना. लोक घरातल्या आजाऱ्यांना लपवू लागले, प्रेतं लपवू लागले. मग जागतिक आरोग्य संघटनेने धार्मिक संस्था, रेडक्रॉस आणि मानववंशशास्त्रज्ञ यांना सोबत घेऊन दफनाची पद्धतच नव्याने लिहिली. संसर्ग टाळायचा, पण प्रार्थना, निरोप, घरच्यांची हजेरी हे सांभाळून. तिला नावही 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन' असंच दिलं. "औषधाइतकंच हेही उपचाराचं काम होतं," असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्यानंतर आमच्या बोलण्याचा सूर बदलला. संस्कृती म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीचं स्वागतगीत नव्हे, हे पटवायला मी कितीही बोलले असते तरी या एका उदाहरणाएवढं झालं नसतं. तुमच्याही भागीदारीत विकासवाले आणि कलावाले असे दोन पक्ष असतील तर विकासवाल्यांच्याच कामातलं उदाहरण शोधा आणि ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

फेब्रुवारी आणि मार्च आम्ही वाचनाला दिले. प्रत्येक संस्थेने एक दस्तऐवज घ्यायचा आणि बाकीच्यांना दोन पानांत समजावून सांगायचा. खर्च शून्य, फायदा मोठा. १९८२ च्या मेक्सिको सिटी इथल्या जागतिक परिषदेने संस्कृतीची जी व्यापक व्याख्या केली, त्यात कला-साहित्याबरोबर जगण्याच्या पद्धती, मूल्यव्यवस्था, परंपरा आणि श्रद्धाही आल्या. आरोग्य संस्थेला आपण संस्कृतीच्या क्षेत्रातच काम करतोय हे तिथे दिसलं. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं आणि त्याखाली १६९ लक्ष्यं ठरवली. संस्कृतीसाठी स्वतंत्र उद्दिष्ट असावं म्हणून ग्रंथालयं, संगीत, वारसा आणि स्थानिक शासन या क्षेत्रांतल्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्र मोहीम चालवली होती. स्वतंत्र उद्दिष्ट मिळालं नाही, उल्लेख मिळाले. शिक्षणाच्या ४.७ मध्ये, पर्यटनाच्या ८.९ आणि १२.ख मध्ये, वारशाच्या ११.४ मध्ये. हे आकडे पाठ करून ठेवा. निधी देणाऱ्या बऱ्याच संस्थांच्या अर्जात 'कोणतं लक्ष्य' असा रकाना असतो आणि तिथे नुसतं 'संस्कृती' लिहून भागत नाही.

सगळ्यांत उपयोगी पडला तो युनेस्कोचा २००५ चा करार, सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या विविधतेचं संरक्षण आणि संवर्धन करणारा. तो २० ऑक्टोबर २००५ ला संमत झाला आणि १८ मार्च २००७ पासून लागू झाला. त्याचं ११ वं कलम नागरी समाजाची भूमिका मूलभूत मानतं आणि सरकारांनी त्याला सक्रिय सहभागासाठी प्रोत्साहन द्यावं असं सांगतं. १३ वं कलम शाश्वत विकासाच्या धोरणात संस्कृती गुंफण्याबद्दल आहे, १८ वं निधीबद्दल. सरकारी कार्यालयात पत्र देताना विनंतीच्या जागी कलमाचा आधार देता आला की बोलण्याची पातळी बदलते. तुमचा देश या कराराचा पक्षकार आहे का, म्हणजे त्याने तो स्वीकारला आहे का, हे मात्र पहिल्याच दिवशी तपासा.

इथे एक जागा आहे जिथे नव्या संस्था हमखास अडतात, म्हणून थोडं थांबते. युनेस्कोचाच २००३ चा अमूर्त सांस्कृतिक वारशाचा, म्हणजे गाणी, विधी, कौशल्यं अशा हाताला न लागणाऱ्या वारशाचा करार वेगळा आणि २००५ चा वेगळा. आमच्या संस्थेचं गाणी जपण्याचं काम पहिल्यात बसतं. नाट्यगटाची नवी निर्मिती आणि कारागिरांचा व्यवसाय दुसऱ्यात. २००३ च्या करारात स्वयंसेवी संस्थांना सल्लागार म्हणून मान्यता मिळू शकते. त्यासाठी संस्थेला कायदेशीर अस्तित्व लागतं आणि निदान चार वर्षांचं काम दाखवावं लागतं. ती मान्यता म्हणजे निधी नव्हे, सल्ला देण्याचा दर्जा आहे. २००५ च्या करारात सांस्कृतिक विविधतेचा आंतरराष्ट्रीय निधी आहे, आणि त्यासाठी विकसनशील पक्षकार देशांतल्या स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकतात. जतनाचा प्रस्ताव या निधीकडे नेला तर तो कितीही चांगला असला तरी दार चुकलेलंच असतं. आम्ही गाण्यांचा संग्रह हा पाया मानला आणि त्यावर उभी राहणारी नवी निर्मिती, तिचं वितरण, कलावंतांचं मानधन आणि स्थानिक धोरण यांवर प्रस्ताव बेतायचं ठरवलं.

मग आमचा आपसातला करार. एप्रिलमध्ये सुरू झालेलं हे काम पावसाळाभर चाललं आणि माझ्या मते सगळ्या प्रवासातलं हेच खरं काम होतं.

पहिला प्रश्न: चौघींची मिळून नवी संस्था नोंदवायची का? नाव छान सुचलं होतं, उत्साह होता. पण नवी नोंदणी म्हणजे नवी घटना, नवं बँक खातं, दरवर्षीचं ऑडिट, विवरणपत्रं आणि हे सगळं सांभाळणारं माणूस. शिवाय नव्या संस्थेला कामाचा इतिहास नसतो, त्यामुळे निदान काही वर्षं तिच्या नावावर फारसा निधी येत नाही. आम्ही सामंजस्य करारावर थांबलो. मुख्य अर्जदार आरोग्य संस्था, कारण तिचं ऑडिट नियमित होतं आणि हिशेबाला पूर्णवेळ माणूस होता.

तिथूनच खरी अस्वस्थता सुरू झाली. ज्याच्या खात्यात पैसे, त्याचा शब्द शेवटचा, अशी भीती बाकी तिघींना होती आणि ती रास्त होती. कारागिरांच्या संस्थेच्या अध्यक्षा एका बैठकीत म्हणाल्या, "आमचं नाव फोटोत असतं, हिशेबात नसतं." कुणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकाने असा एखादा प्रकल्प पाहिलेला होता. त्यानंतर आम्ही बाहेरच्या एका अनुभवी मध्यस्थ बाईंना बोलावलं. त्यांचं मानधन आणि वकिलांची फी हे आमचे या टप्प्यावरचे दोन मोठे खर्च. ते समान वाटून घेण्याऐवजी प्रत्येकीच्या वार्षिक खर्चाच्या प्रमाणात वाटले. सर्वांत छोट्या संस्थेच्या वाट्याला अगदी थोडी रक्कम आली, पण तिने ती दिली आणि बैठकीत तिचं बसणं वेगळं झालं. मध्यस्थावर खर्च करायला छोट्या संस्था कचरतात. मी म्हणेन, प्रवासखर्च कमी करा, हा करू नका.

शेवटी जे ठरलं त्यातलं महत्त्वाचं असं. अंदाजपत्रक चौघींच्या संमतीशिवाय जाणार नाही आणि एका रकान्यातून दुसऱ्यात रक्कम हलवायची असेल तरी सगळ्यांना लेखी कळवायचं. प्रत्येक संस्थेच्या माणसांचा वेळ अंदाजपत्रकात दाखवायचा, 'स्वेच्छेने' म्हणून सोडून द्यायचा नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण मोठ्या संस्थेतला समन्वयक पगारावर बैठकीला येतो आणि छोट्या संस्थेतली कार्यकर्ती एका दिवसाची कमाई सोडून येते. दोघं एकाच टेबलाशी बसलेले दिसतात, पण भागीदारी तिथेच असमान झालेली असते. निर्णयाला प्रत्येकीचं एक मत. अहवाल आणि पत्रकांवर नावं वर्णक्रमाने.

ध्वनिमुद्रणांचं कलम लिहायला सर्वाधिक वेळ लागला. गाणं गाणाऱ्या बाईचं, मुद्रण आमचं, नाटकात वापरणार नाट्यगट, आणि आरोग्य संस्थेला ते प्रशिक्षणात हवं. इथे आम्हाला अमूर्त वारशाच्या जतनासाठीची १२ नैतिक तत्त्वं कामी आली. ती २०१५ साली नामिबियातल्या विंडहूक इथे युनेस्कोच्या समितीने मान्य केली आहेत. संमती मुक्त, आधी घेतलेली, पूर्ण माहिती देऊन घेतलेली आणि पुढेही टिकलेली असावी, असं त्यात आहे. 'पुढेही टिकलेली' हे शब्द आम्ही जसेच्या तसे घेतले. म्हणजे प्रत्येक नव्या वापराला पुन्हा विचारायचं, आणि गाणारीने नाही म्हटलं तर ते मुद्रण त्या वापरातून काढायचं. वकिलांना हे कलम सैल वाटत होतं. आम्ही ते तसंच ठेवलं.

बाहेर पडण्याचं कलमही तेव्हाच लिहा. सगळे खुशीत असताना ते लिहिणं जड जातं, पण तेव्हाच ते न्याय्य लिहिलं जातं. किती महिन्यांची सूचना, उरलेल्या पैशांचं काय, साहित्य कुणाचं, नाव वापरायचं की नाही.

सह्या ऑक्टोबरमध्ये झाल्या. प्रत्येक संस्थेच्या कार्यकारिणीचा स्वतंत्र ठराव लागतो. त्यांच्या बैठकांच्या तारखा आधी विचारून ठेवा, नाहीतर मसुदा तयार असूनही कागद पडून राहतो. आणि एक कायदेशीर बाब वकिलांना आवर्जून विचारा: काही देशांत परदेशातून आलेला निधी एका संस्थेला दुसरीकडे वर्ग करता येत नाही. तसं असेल तर भागीदारांना हप्ते देण्याची नेहमीची रचना चालत नाही आणि सगळा आराखडा वेगळा करावा लागतो. हे निधी मंजूर झाल्यावर कळून उपयोग नाही.

आमच्या कराराखालचं पहिलं संयुक्त काम निधीचं नव्हतंच. युनेस्कोच्या २००५ च्या करारानुसार सदस्य देशांना दर चार वर्षांनी अहवाल द्यावा लागतो आणि त्यात नागरी समाजाने काय केलं यासाठी स्वतंत्र भाग असतो. त्याचा नमुना अर्ज आम्ही चौघींनी मिळून भरला. पैसे लागत नाहीत, लागतो तो पुरावा: काय केलं, कुणासाठी, कुठे लिहिलेलं आहे. हे भरताना आमच्या लक्षात आलं की नाट्यगटाकडे प्रयोगांची नोंद प्रेक्षकांच्या संख्येत आहे, आरोग्य संस्थेकडे घरभेटींत, आमच्याकडे मुद्रणाच्या तासांत, आणि कारागिरांकडे विक्रीत. चारही नोंदी एका तक्त्यात आणायला वेळ गेला, पण पुढच्या प्रत्येक अर्जाला तोच तक्ता वापरला. कोणत्याही नव्या भागीदारीने इथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

सांस्कृतिक विविधतेच्या आंतरराष्ट्रीय निधीचा अर्ज पुढच्या वर्षी केला. कमाल रक्कम १,००,००० अमेरिकी डॉलर, प्रकल्पाचा काळ १२ ते २४ महिने. अर्ज इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच. स्वयंसेवी संस्थांच्या अर्जांची छाननी आधी देशातला युनेस्कोसाठीचा राष्ट्रीय आयोग करतो आणि निवडलेले प्रस्ताव पुढे जातात. मग कराराचं युनेस्कोतलं सचिवालय कागद तपासतं, तज्ज्ञांचं मंडळ गुण देतं आणि अंतिम निर्णय २४ देशांची आंतरशासकीय समिती घेते. त्या वर्षीची मार्गदर्शक पुस्तिका निघाली की आधी ती वाचा, मागच्या वर्षीची नको, कारण तारखा आणि निकष बदलतात. देशातल्या छाननीचं वेळापत्रकही स्वतंत्रपणे विचारून घ्या.

अर्जाची भाषा हा आमच्यासाठी मोठा अडसर होता. कारागीर बायकांनी सांगितलेलं इंग्रजीत जाताना चपटं होत होतं. म्हणून आम्ही प्रस्ताव आधी मराठीत पूर्ण लिहिला, सगळ्यांनी वाचला, वाद घातले, आणि मगच भाषांतराला दिला. भाषांतराचा खर्च आणि आठवडे दोन्ही धरून ठेवा. अंदाजपत्रकात जुनी देणी, तोटा भरून काढणं असलं काही चालत नाही. निधी हप्त्यांनी आणि ठरलेलं काम दाखवल्यावर मिळतो, त्यामुळे मुख्य अर्जदाराकडे मधल्या काळासाठी थोडी गंगाजळी हवी. अपंग प्रेक्षकांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी, बैठकीला येणाऱ्या बायकांच्या मुलांना सांभाळणारं माणूस, हे खर्च आम्ही पहिल्या मसुद्यापासून ठेवले. काटछाट करताना सर्वांत आधी यांच्यावर हात जातो. आम्ही त्याऐवजी छापील पत्रकं कमी केली.

अर्ज पाठवला त्या रात्री झोप लागली नाही, आनंदाने. नंतरची वाट पाहणं मात्र कठीण गेलं. महिने जातात आणि कुणाला विचारावं असं काही नसतं. आमचा प्रस्ताव देशातल्या छाननीतून पुढे गेला, शेवटच्या यादीत आला नाही. नाट्यगटातल्या मुली रडल्या. मीही रडले. हा निधी सरकारांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो आणि जगभरातून अर्ज येतात, हे माहीत असूनही वाईट वाटायचं ते वाटतंच. करार आधीच झालेला असल्यामुळे पुढच्या बैठकीची तारीख ठरलेली होती. निधी आला नाही म्हणून ती रद्द झाली नाही, आणि त्या बैठकीत डॉक्टरांनी हाच प्रस्ताव लहान करून एका खाजगी प्रतिष्ठानाकडे न्यायचं सुचवलं. अंदाजपत्रक तयार होतं, ठराव तयार होते, तक्ता तयार होता. तिथे पहिल्या टप्प्यापुरते पैसे मिळाले.

प्रत्यक्ष कामाबद्दल थोडंच सांगते. नाट्यगट आणि आरोग्य कार्यकर्त्या आधी ऐकायला गेल्या. बाळंतपणाच्या गाण्यांत काय खावं, काय खाऊ नये, कुणी विश्रांती घ्यावी, हे भरपूर होतं. आमच्या संग्रहातली गाणी वाजवली की बायका आपापली रूपं सांगू लागायच्या, आणि मग गोळ्यांबद्दलच्या शंका सहज निघायच्या: शौचाचा रंग बदलतो, मळमळतं, मूल मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल अशी भीती. नाटक या उत्तरांतून उभं राहिलं. शेवट प्रेक्षकांनी ठरवायचा अशी रचना होती. डॉक्टरांना सुरुवातीला ते धोक्याचं वाटलं, म्हणून प्रत्येक प्रयोगाला एक आरोग्य कार्यकर्ती हजर राहायची आणि चुकीची माहिती आली तर चर्चेत दुरुस्त करायची. हा तोडगा दोघांनाही पटला.

घासाघीस होत राहिली ती वेळेवरून. आरोग्य संस्थेचं काम तिमाहीच्या आकड्यांवर चालतं. नाटक तिमाहीत पिकत नाही. अहवालासाठी आम्ही युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'संस्कृती २०३०' निर्देशकांचा आधार घेतला. ते २२ आहेत, चार विषयांत विभागलेले आणि मुळात देश-शहरांच्या पातळीसाठी केलेले; आम्ही त्यातले सहभाग, कौशल्य आणि उपजीविका यांच्याजवळचे मोजके उचलून आपल्या आकाराचे केले. प्रतिष्ठानाला हा अहवाल समजला आणि नाट्यगटालाही तो आपला वाटला.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस कारागिरांच्या संस्थेने बाहेर पडायचं ठरवलं. त्यांच्या सभासदांना बाजारपेठेवर लक्ष द्यायचं होतं आणि आमच्या बैठका त्यांना जास्त होत होत्या. बाहेर पडण्याचं कलम तेव्हा उघडलं. सूचनेचा काळ पाळला गेला, त्यांच्या वाट्याचे पैसे चुकते झाले, त्यांच्या सभासदांच्या मुलाखतींची मुद्रणं त्यांना दिली आणि पुढच्या वापराबद्दल प्रत्येकीला पुन्हा विचारलं. काहींनी नको म्हटलं, ती काढली.

नव्या करारात आता तीन जुन्या संस्था आणि ग्रंथालयांचा एक संघ आहे. मुख्य अर्जदार या वेळी नाट्यगट आहे. मधल्या काळात त्यांनी हिशेबाला माणूस नेमला आणि दोन ऑडिट पूर्ण केली. बैठका कमी केल्या आहेत आणि प्रत्येक बैठकीचं मानधन अंदाजपत्रकात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या भविष्यासाठीच्या करारनाम्यात संस्कृती आणि क्रीडा यांना शाश्वत विकासाचा अविभाज्य भाग म्हटलं आहे, आणि २०३० नंतरच्या उद्दिष्टांत संस्कृतीला स्वतंत्र जागा मिळावी ही मागणी पुन्हा जोर धरते आहे. आमचं त्यासाठीचं निवेदन ग्रंथालय संघ लिहितो आहे. आंतरराष्ट्रीय निधीसाठी पुन्हा अर्ज करायचं ठरलं आहे. मराठी मसुद्याचं पहिलं वाचन पुढच्या आठवड्यात आहे.